ज्याची पेटी त्यानेच उघडायची

कट्टा गावच्या बाजारात सत्यवान मेस्त्रीचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात अँजेलिना कधी एकटी आली नाही. तिच्या पिशवीमागून एक तरी मांजर यायचंच. पिशवीत मासळी नसायची, जपानी व्हिडिओ गेमच्या कॅसेटी असायच्या. पण पावसाळाभर त्या कॅसेटी चुलीच्या डोक्यावर टांगलेल्या बांबूच्या उतवावर, सुक्या बांगड्यांच्या आणि कोकमांच्या शेजारी पडलेल्या असत. मांजराला जपान काय आणि कट्टा काय, वासाशी मतलब.

"बाय, ही गेमची कॅसेट आसा की सुको बांगडो?" सत्यवान विचारायचा.

"उघड, मगे समजतला तुका," अँजेलिना म्हणायची आणि स्टुलावर ऐसपैस बसायची.

सत्यवान थट्टा करायचा खरा, पण मनातून चकित व्हायचा. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या भागातल्या टीव्हींची आतडी दोन पावसाळ्यांत हिरवी पडत. अँजेलिनाच्या कॅसेटींच्या तळच्या धातूच्या दातांवर मात्र गंजाचा ठिपका नसे. धुराची काजळी तेवढी बसायची. काजूच्या फेणीत कापूस बुडवून ती पुसली की दात लखलखीत. उरलेली फेणी वाया घालवायची नाही, हा सत्यवानाचा नियम.

आता ही बाई आणि हे जपान यांची गाठ कुठे पडली, तर ती तिच्या नवऱ्याच्या पेटीत.

अँजेलिनाचा नवरा बाबुश बोटीवर होता. मासेमारीच्या नव्हे, मोठ्या मालवाहू बोटीवर, इंजिनाला तेलपाणी करणारा. वर्षातले नऊ महिने दर्यात, तीन महिने घरात. घरात मूलबाळ नव्हतं. रजेवर आला की त्याची पत्र्याची पेटी सोप्यावर मधोमध ठेवली जायची. ओल्तारावर, म्हणजे घरातल्या सायबीण मारीमातेच्या देव्हाऱ्यावर, मेणबत्ती लागायची. मग बाबुश स्वतः कुलूप काढायचा. त्याच्या आधी पेटीला कुणी हात लावत नसे, बायकोसुद्धा नाही. बोटीवर माणसाजवळ स्वतःचं असं तेवढंच असतं, म्हणून ज्याची पेटी त्यानेच उघडायची, असा त्या क्रिस्तांव वाडीचा नेमच होता. पेटीतून वाडीतल्या सगळ्यांसाठी काही ना काही निघायचं, साबण, चाकू, छत्री. बाबुशच्या स्वतःच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं तोच एक निळा सदरा.

"काय रे बाबुश, थंय जपानात कापड मेळणा नाय?" लोक विचारायचे. तो नुसता हसायचा.

अठ्ठ्याण्णव साली त्या पेटीतून एक करड्या रंगाचं गेमचं यंत्र निघालं, एका कॅसेटीसकट. जपानातल्या पोरांना नवी यंत्रं मिळाली होती, त्यामुळे जुनी कोबे बंदराजवळच्या मोडीच्या दुकानात ढिगाने पडली होती. बाबुशने ते बायकोसाठी आणलं. घरी ती एकटी असते, तिला करमणूक, एवढाच त्याचा विचार. मोठ्या हौसेने त्याने ते भिंतीतल्या प्लगात खोचलं. जपानची वीज निम्म्या दाबाची, आपली दांडगी. अॅडॉप्टरने एक उचकी दिली आणि राम म्हटला. हे असं प्रत्येक तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर जाणाऱ्याच्या, घरी एकदा तरी झालेलं असतं, मिक्सरने नाहीतर इस्त्रीने.

मग सत्यवानाला बोलावणं गेलं. त्याने लाकडी खोक्यात एक ट्रान्सफॉर्मर बसवून यंत्राला सोसेल एवढी वीज करून दिली, वायरी टीव्हीच्या मागे जोडल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर निळं आकाश उजाडलं. सत्यवानाने आयुष्यात शेकडो टीव्ही उघडले होते, पण टीव्हीतल्या माणसाला आपण बोटाने चालवायचं, हे त्याला नवीन होतं. अँजेलिनाने बटण दाबलं, पडद्यावरची इवलीशी पोरगी एक पाऊल पुढे गेली, आणि दोघांनीही एकदमच श्वास रोखला.

"गे सायबिणी माये," अँजेलिना म्हणाली, "ह्या माजा आयकता!"

तेव्हापासून दर रजेला पेटीतून एखादी कॅसेट निघू लागली. बाबुशला जपानी येत नव्हती. डब्यावरचं चित्र बघून तो निवडायचा, बाजारात आंबा निवडावा तसा. उड्या मारायचे खेळ निघाले, विमानांचे निघाले, एक तर नुसता मासे गरवायचा निघाला. तो बघून अँजेलिना म्हणाली की मासे गरवणं बघायला जपानला कशाला जायला हवं. या सगळ्यांत एक कॅसेट वेगळी होती. तिच्यात एक पुरुष आणि एक बाई गावोगाव हिंडत होती, दर्या ओलांडत होती, राक्षसांशी लढत होती, आणि पावलोपावली कुणीतरी भेटून पडदाभर जपानी बोलत होतं. पुरुष बाबुशचा झाला, बाई अँजेलिनाची.

त्यातलं एक अक्षर दोघांना येत नव्हतं. दुसऱ्या कुणी कॅसेट फेकून दिली असती. अँजेलिनाने काय केलं, तर अक्षरांशी ओळख काढली. एकाला ती गळ म्हणायची, एकाला घराचं छप्पर, एकाला गोगलगाय. गळाच्या पुढे गोगलगाय आली की माणूस वाट सांगतो. छपराखाली अमुक खूण आली की वस्तू विकतो. एकदा सत्यवान वायर बदलायला गेला असताना पडद्यावरचा दाढीवाला म्हातारा काहीतरी बोलला आणि अँजेलिना फटकन म्हणाली, "हो खोटा सांगता."

"तुका कसा समजला, बाय?"

"असाच बोललो तो राजवाड्यातलो, आणि मगे पाठसून मारल्यान."

पुढच्या वळणावर म्हाताऱ्याने खरोखरच दगा दिला. सत्यवान हातातली वायर विसरून बघत राहिला. आपल्याला सर्किटचा नकाशा असूनही कधीकधी बिघाड सापडत नाही, आणि ही बाई नकाशाशिवाय अख्ख्या परक्या मुलखात फिरते, याचं त्याला राहून राहून नवल वाटायचं. एका मे महिन्यात तिने त्याला मुद्दाम निरोप पाठवून बोलावून घेतलं. खेळातली दोघं एका बर्फाच्या गावात पोचली होती. बाहेर झावळी हलत नव्हती, अंगातून घामाच्या धारा, आणि पडद्यावर एकेक पांढरा ठिपका सावकाश खाली येत होता, मागे बासरीसारखं काहीतरी मंद वाजत होतं. दोघांपैकी कुणीही जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं. अँजेलिनाने न कळत खांद्यावर टॉवेल ओढून घेतला.

"ह्या कोणी केल्यान असात रे?" तिने विचारलं. "खंय बसून केल्यान असात? तेका काय म्हायत, हंय कट्ट्यार कोण बघता ता."

कुणा अनोळखी माणसाने दूर देशात बसून पाडलेलं बर्फ आपल्या वाडीत पडतंय, हे सत्यवानालाही जाणवलं.

खेळायची त्या नवरा-बायकोची रीत ठरलेली होती. नऊ महिने अँजेलिना वाट काढत न्यायची. खेळातला बाजारहाट मात्र बाबुशच्या रजेत, कारण खरेदी करून घरी आणणं हे तारवट्याचं काम. "तू बांगडे तळ, मी बाजार करून येतंय," असं म्हणून तो यंत्रापुढे बसायचा. खेळातल्या दोघांजवळ आपापली पेटी होती, तिच्यात तलवार, ढाल, अंगरखा. घरातला नेम तिथेही लागू. अँजेलिना आपल्या बाईची पेटी उघडायची, बाबुशच्या माणसाच्या पेटीला तिने कधी हात लावला नाही.

एक गोष्ट मात्र तिला सतावायची. लढाईत बाबुशचा माणूस सगळ्यात आधी आडवा व्हायचा. मग हिरव्या बाटलीतलं औषध पाजून त्याला उठवायचं, की पुढच्या राक्षसापुढे हा पुन्हा आडवा.

"तुझो माणूस म्हणजे कागदाची होडी रे!" ती करवादायची. "येडो नुसतो!"

"असांदे गो," बाबुश म्हणायचा. "तुझी बायल घट्ट आसा मां? मगे झाला."

दोन हजार चार साली दोघं शेवटच्या किल्ल्यात, शेवटच्या दारापाशी पोचली. आत कोण आहे हे सांगायला जपानी यायची गरज नव्हती. त्याच दिवशी कंपनीचा फोन आला, रजा संपवून लगेच निघा. बाबुशने दारापाशी खेळ जपून ठेवला आणि निघताना म्हणाला, "दार माझ्याशिवाय उघडू नको हां. पुढच्या रजेक दोघांय मिळून जावया."

पुढची रजा आली नाही. बाबुश बोटीवरच, इंजिनाच्या खोलीत, छातीत कळ येऊन गेला. आधी तो आला, त्याला इगर्जीच्या, चर्चच्या, आवारात मूठमाती दिली. मागून त्याची पेटी आली. अँजेलिनाने ती ओल्तारापाशी ठेवली. किल्ली गळ्यातल्या क्रूसाबरोबर अडकवली. पेटी उघडली नाही.

दर रविवारी इगर्जीतल्या मिसाहून आल्यावर ती यंत्र लावायची. दारापाशी दोघं उभी दिसायची. ती थोडा वेळ बघायची आणि यंत्र बंद करायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, खूळ लागलं. सत्यवानाला तसं कधी वाटलं नाही. लोक दर रविवारी थडग्यावर जाऊन फुलं ठेवतात, तिथे तर काही दिसतही नाही.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर अँजेलिना दुकानात आली ती मांजराकडे न बघता. तिने एक कॅसेट टेबलावर ठेवली. "ही सगळा विसारली," ती म्हणाली. "काल होता, आज पाटी कोरी."

सत्यवानाने कॅसेट उलटी केली. तिचे स्क्रू जपानी, आपला कुठलाच पाना बसत नाही. त्याने बॉलपेनची नळी मेणबत्तीवर मऊ करून स्क्रूवर दाबून तिचाच पाना केला होता. आत सर्किटच्या पाटीवर रुपयाएवढा सेल होता. यंत्र बंद असतानाही खेळ आठवणीत ठेवायचं काम त्या सेलचं. मीटर लावला, काटा हलला नाही. हा तर विमानांचा खेळ होता, त्याचं फारसं दुःख नव्हतं. पण दोघांच्याही मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली.

"आणि ती?" अँजेलिनाने विचारलं.

सत्यवानाने ती शेवटच्या दाराची कॅसेट आणवली, मीटर लावला. सेलमध्ये जीव होता, पण शेवटचा. आणि तेव्हा त्याला कळलं. सेलचा वैरी ऊन आणि आच. चुलीवरचा उतव. गंजापासून वाचवायला अँजेलिनाने ज्या उबेत कॅसेटी ठेवल्या, त्याच उबेने त्यांचा प्राण वर्षावर्षाने शोषून घेतला होता. सत्यवानाच्या ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं. काही खरं बोलून कुणाचं भलं होत नाही.

"सेल बदलूक व्हयो," तो म्हणाला. "पण जुनो काढल्यार तेवढ्यात सगळा जाता. दुसरो सेल बाहेरसून जोडून ठेवचो, मगे जुनो काढचो. वायर हलली तर…"

"हलली तर काय?"

"तर दारापाशी कोण उरूचा नाय, बाय."

तिने कॅसेट उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "काय्येक न केल्यार पण जातलाच मां? मगे तूच कर."

सत्यवानाला त्या रात्री झोप लागली नाही. टीव्ही बिघडला तर दुसरा मिळतो. इथे बिघडलं तर काय भरून देणार?

अँजेलिनाच्या घरीच काम करायचं ठरलं, लोडशेडिंग नसेल अशा वेळी. सत्यवानाने सोप्यावर पाट मांडला, डाग द्यायचा विजेचा सोल्डर तापत ठेवला. मग हात जोडून उभा राहिला. त्याचा बाप गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, ते त्याच्या कानात होतं.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ही अँजेलिनबाय तुझ्या पायाकडे उभी आसा. तिच्या घोवाची इतकी वर्सा ह्या डबयेत आसत. तेच्यार काय संकट येत असात तर ता दूर कर आणि माझ्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अँजेलिना खणखणीत म्हणाली, आणि कपाळावर क्रूस केला.

"आणि सायबिणी माये, तू पण इल्ला लक्ष ठेव," सत्यवानाने पुस्ती जोडली. देव वाटून घेतलेले बरे.

बाहेरचा सेल जोडला. जुना काढला. नवा जागेवर ठेवला, सोल्डर उचलला, आणि वीज गेली. वेळापत्रक वीज कंपनीचं, पाळायचं बंधन तिला थोडंच! सोप्यावरच्या अंधुक उजेडात जागा शोधून सत्यवानाने सोल्डर टेकवेपर्यंत तो कोमट झाला. त्या दचक्यात बाहेरच्या सेलची एक वायर सुटायला आली. अँजेलिनाने झडप घालून ती अंगठ्याने जागच्या जागी दाबून धरली.

"तू हलू नको!" सत्यवान ओरडला.

"मी खंय हलतंय! तू जा, चुलीत इंगळ आसत!"

तो मागच्या दारी धावला. कल्हईवाल्याने तापवावं तसं सोल्डरचं टोक निखाऱ्यात खुपसलं आणि फुंकणीने फुंकत राहिला. सोप्यावरून तिच्या प्रार्थनेचा आवाज येत होता, "नमान मारिये, कुर्पेन भरलेले…" न अडखळता, न थांबता. लाल टोक घेऊन तो आला तेव्हा तिचा अंगठा पांढरा पडला होता, पण हलला नव्हता. त्याने नवा सेल चिकटवला.

काम झालं, पण निभावलं की नाही ते वीज आल्याशिवाय कळणार नव्हतं. दोघं उंबऱ्यावर बसून राहिली. दोन वेळा चहा झाला.

तिन्हीसांजेला दिवे लागले. अँजेलिनाने बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. सत्यवानाने बघितलं. किल्ला होता. दार होतं. दारापाशी दोघं उभी होती.

"बाय, बघ. आसत!"

तिने बघितलं आणि रडली, अगदी मोकळी रडली. रुपयाएवढ्या सेलने नऊ वर्षं सांभाळून एका क्षणात दुसऱ्याच्या हवाली केली होती. आपल्याच हातून झालेलं असूनही सत्यवानाला ते खरं वाटेना.

"सगळा जाग्यार आसा की नाय, ता बघूक व्हया," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पेट्ये उघडून बघ."

तिने आपल्या बाईची पेटी उघडली. सोन्याची ढाल, चांदीचा अंगरखा, रत्न जडवलेली तलवार. सगळं जागेवर होतं.

"आणि तेची?"

"तेची मी कशी उघडू?" ती म्हणाली. तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. मग ती उठली, ओल्तारावर मेणबत्ती लावली, परत येऊन बसली आणि तिने बाबुशच्या माणसाची पेटी उघडली.

पेटीत एक लाकडी काठी होती आणि एक सुती सदरा होता. बाकी काही नव्हतं.

"सत्यवाना," ती अगदी हळू म्हणाली, "ह्या पयल्या गावातला. खेळ सुरू होता तेव्हाचा."

सत्यवानालाही उमगायला वेळ लागला. इतक्या वर्षांत दोघांनी मिळवलेली मोहोर न मोहोर बाबुशने त्या बाजारात खर्च केली होती, आणि स्वतःच्या माणसासाठी एक ढालही घेतली नव्हती. सगळं तिच्या अंगावर चढवलं होतं. काठी घेऊन तो राक्षसांपुढे उभा राहत होता, सगळ्यात आधी पडत होता, आणि शिव्या खात हसत होता. सत्यवानाला बाबुशचा निळा सदरा आठवला. त्याने मान खाली घातली.

अँजेलिनाने आपल्या बाईची सोन्याची ढाल काढली आणि बाबुशच्या माणसाला दिली. चांदीचा अंगरखाही त्यालाच घातला. मग तिने शेवटचं दार उघडलं.

लढाई चांगलीच लांबली. तिची बाई दोनदा आडवी झाली, दोन्ही वेळा बाबुशच्या माणसाने तिला हिरवी बाटली पाजली. तो एकदाही पडला नाही. सत्यवान पाटाच्या कडेला बसून, मूठ आवळून, लहान पोरासारखा "मार! मार!" करत होता. शेवटी पडदा पांढराशुभ्र झाला, किल्ला नाहीसा झाला, आणि ती दोघं दर्याच्या काठाने आपल्या पहिल्या गावाकडे चालू लागली. जपानी नावं वर सरकत गेली, एकामागून एक. त्यांतलं एकही तिला वाचता येत नव्हतं, पण तिने संपेपर्यंत नजर हलवली नाही.

"ह्येंनीच केल्यानी असात ता बर्फ," ती म्हणाली. "देव बरे करूं तेंचे."

मग तिने गळ्यातली किल्ली काढली. "सत्यवाना, ती पेटी हंय सोप्यार हाड. मधीच ठेव."

त्याने पेटी मधोमध आणून ठेवली. कुलूप कुरकुरलं आणि उघडलं. वर निळा सदरा होता, कोपरावर ठिगळ लावलेला. त्याखाली एक फुलाफुलांचं कापड, एक हातपंखा, चिनी मातीच्या दोन वाट्या, तळाशी पिवळ्या कागदात बांधलेली एक कॅसेट. सगळं तिच्यासाठी होतं. अँजेलिनाने सदरा मांडीवर घेतला आणि ठिगळावरून हात फिरवला.

"येडो नुसतो," ती म्हणाली.